तोफ, निशाण आणि तंटा : शिडांच्या शर्यतींचे नियम कसे घडले

शिडाच्या नौकांची शर्यत हा मैदान नसलेला खेळ आहे. पाण्यावर चुन्याची रेघ मारता येत नाही, स्पर्धकाला आरंभरेषेवर स्थिर उभे करता येत नाही, आणि जिकडे जायचे तिकडे दरवेळी सरळ जाताही येत नाही, कारण शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर चालू शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखत, आधी एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने, अशी नागमोडी वाट काढत ती पुढे सरकते. त्यामुळे शर्यत कोठे सुरू झाली, कोणत्या वाटेने जायची होती, वाटेत दोन नौका समोरासमोर आल्या तर कोणी बाजूला व्हायचे, या साऱ्या गोष्टी निव्वळ संकेताने ठरवाव्या लागतात. हे संकेत मुख्यतः इंग्लंड आणि अमेरिका यांच्या किनाऱ्यांवर सुमारे तीनशे वर्षांत घडत गेले. शहाण्या माणसांनी आधी नियम केले आणि मग शर्यती भरवल्या, असे या इतिहासात क्वचितच घडलेले दिसते. बहुतेक महत्त्वाच्या कलमांच्या मुळाशी एखादा तंटा आहे.

इंग्लंडमधील ज्या पहिल्या शर्यतीची खात्रीलायक नोंद मिळते, ती १६६१ च्या ऑक्टोबरमध्ये राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा भाऊ, यॉर्कचा ड्यूक जेम्स, यांच्यात थेम्स नदीवर झाली. ग्रिनिचपासून ग्रेव्हसेंडपर्यंत जायचे आणि परत यायचे, पैज १०० पौंडांची, इतकाच तिचा करार होता. रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्या दिवशी राजाच्या नौकेवर हजर होता, आणि जाताना वारा उलटा असल्यामुळे राजा हरला, येताना मात्र त्याने ती भरपाई केली, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. दोनच नौका, दोन्हींचे मालक सख्खे भाऊ आणि त्यांतला एक देशाचा राजा, अशा शर्यतीला नियमावलीची गरज भासली नाही यात नवल नाही. पुढे आयर्लंडमध्ये १७२० साली कॉर्क बंदराच्या वॉटर क्लबाची स्थापना झाली, तेव्हाही सभासदांच्या नौका शर्यतीसाठी जमत नसत; क्लबाने निवडलेल्या ‘ॲडमिरल’च्या मागून आरमारासारखी रांग धरून त्या कवायत करीत, आणि नांगर उचलणे, वळणे, रांग मोडणे या आज्ञा निशाणांनी आणि तोफांच्या बारांनी दिल्या जात. शर्यतींत आज वापरली जाणारी निशाणांची आणि आवाजांची भाषा अशी आरमाराकडून आलेली आहे, आणि शर्यतीत तिचा उपयोग सुरू होण्याआधी ती हौशी दर्यावर्दींच्या चांगली अंगवळणी पडली होती.

स्पर्धकांची संख्या वाढली तेव्हा अडचणीही सुरू झाल्या. १७७५ च्या जुलैत कंबरलंडच्या ड्यूकने थेम्सवर चांदीचा पेला ठेवून शर्यत लावली, तीत २ ते ५ टनांच्या हौशी नौकांना वेस्टमिन्स्टर पुलापासून पटनी पुलापर्यंत जाऊन परत यायचे होते. या स्पर्धकांचा जो संघ बनला त्याला ‘कंबरलंड फ्लीट’ म्हणत, आणि आजचा रॉयल थेम्स यॉट क्लब आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेतो. अशा शर्यतींचा आरंभ उभ्या नौकांनी होई. सर्व नौका एका ओळीत नांगर टाकून किंवा बोयांना बांधून थांबत, शिडे खाली उतरवलेली असत. तयारीची तोफ होई आणि नंतर आरंभाची तोफ झाली की खलाशी नांगर ओढायला आणि शिडे चढवायला धावत. पाहणाऱ्यांना ही पद्धत फार प्रेक्षणीय वाटत असली पाहिजे, परंतु शर्यत म्हणून ती सदोष होती, कारण पहिल्या काही मिनिटांत सुकाणू धरणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा नांगराची साखळी ओढणाऱ्यांच्या दंडाची परीक्षा होई, आणि ज्याची जागा वाऱ्याच्या बाजूला असेल त्याला काही न करताच आघाडी मिळे.

लंडनमध्ये १८१५ साली स्थापन झालेला आणि पुढे रॉयल यॉट स्क्वॉड्रन या नावाने प्रसिद्धी पावलेला उमरावांचा क्लब काऊझ या गावी १८२६ पासून शर्यती भरवू लागला, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटावरील हे छोटे बंदर शिडांच्या शर्यतींची राजधानी बनले. तेथे पैज मोठी, मालक मानी आणि खलाशी पगारी. परिणाम व्हायचा तो झाला. १८२९ साली लॉर्ड बेलफास्ट यांची लुईझा आणि जोसेफ वेल्ड यांची लुलवर्थ या दोन नौका शर्यतीच्या ऐन रंगात एकमेकींना भिडल्या, त्यांचे दोरखंड अडकले, आणि लुईझावरच्या खलाशांनी कुऱ्हाडी घेऊन लुलवर्थचे दोर तोडले. पंचांनी निकाल लुईझाच्या बाजूने दिला, कारण तिला वाटेचा हक्क होता. कुऱ्हाडीचा वापर मात्र त्यांनी असमर्थनीय ठरवला. या निवाड्यातील दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिल्याने वाटेचा हक्क अमीर-उमरावाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसून वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे हे मान्य केले, आणि दुसऱ्याने हक्क असला तरी तो कसा बजावायचा यालाही मर्यादा आहे हे सांगितले.

येथे वाटेच्या हक्काचा मूळ नियम समजून घ्यायला हवा. नौकेच्या नाळेकडे तोंड करून उभे राहिले असता जी उजवी बाजू येते तिला स्टारबोर्ड आणि डावीला पोर्ट म्हणतात. वारा उजवीकडून येत असेल तर नौका ‘स्टारबोर्ड टॅक’वर आहे असे मानतात, डावीकडून येत असेल तर ‘पोर्ट टॅक’वर. अशा दोन नौका एकमेकींच्या वाटेत आल्या तर पोर्ट टॅकवरच्या नौकेने बाजूला व्हायचे, हा शिडांच्या शर्यतीचा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी वादग्रस्त कायदा होय. व्यापारी जहाजांच्या जगातही हीच रूढी होती, तेथूनच ती शर्यतीत आली. गर्दीच्या शर्यतीत आजही सर्वाधिक ऐकू येणारी आरोळी ‘स्टारबोर्ड’ हीच असते, आणि ती ऐकून समोरचा सुकाणूधारी वळला नाही तर पुढचा प्रश्न पंचांसमोर जातो.

मार्गाच्या बाबतीत इतकी स्पष्टता यायला फार वेळ लागला. २२ ऑगस्ट १८५१ रोजी रॉयल यॉट स्क्वॉड्रनने वाइट बेटाभोवती सुमारे ५३ मैलांची खुली शर्यत लावली, तीत न्यूयॉर्क यॉट क्लबचे अध्यक्ष जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांचे सहकारी यांची ‘अमेरिका’ ही स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची नौका, इंग्लिश नौकांविरुद्ध उतरली. शर्यतीत एकूण १५ नौका निघाल्या. त्यांत ४७ टनांची ऑरोरा होती आणि ३९२ टनांची ब्रिलियंटही होती. त्या काळी लहानमोठ्या नौकांत समानता आणण्यासाठी टनांच्या हिशेबाने वेळेची सवलत देण्याची पद्धत होती, पण या शर्यतीत ती लागू नव्हती. जी आधी पोहोचेल ती जिंकली. आरंभ जुन्या पद्धतीने, नांगरावरून झाला, आणि ‘अमेरिका’ आपल्याच नांगराच्या पुढे सरकून अडकल्यामुळे तिला शिडे खाली घ्यावी लागली व ती सर्वांच्या मागून निघाली. तरीही संध्याकाळी साडेआठनंतर काऊझला पहिली पोहोचली ती तीच. दुसरी आलेली ऑरोरा तिच्यानंतर काही मिनिटांनी आली.

खरा वाद मार्गाचा होता. बेटाच्या पूर्वेला नॅब नावाच्या जागी एक दीपनौका, म्हणजे दीपगृहाचे काम करणारे नांगरलेले जहाज, उभे असे, आणि बेटाला फेरी घालताना तिच्या बाहेरून जायचे अशी इंग्लिश नौकांची वहिवाट होती. काही स्पर्धकांना दिलेल्या पत्रकात तसे लिहिलेलेही होते. परंतु ‘अमेरिका’ला मिळालेल्या पत्रकात केवळ बेटाभोवती जायचे एवढेच होते. तिच्या सुकाणूधाऱ्याने पत्रक प्रमाण मानून दीपनौकेच्या आतून वाट धरली आणि बरेच अंतर वाचवले. ब्रिलियंटचे मालक जी. एच. ॲकर्स यांनी हरकत घेतली, पण पत्रकातील शब्दांपुढे ती टिकली नाही. टनांच्या हिशेबाने वेळेची सवलत देण्याचे तक्ते तयार करणारे गृहस्थ हेच ॲकर्स. शर्यतीचा हिशेब काटेकोर करण्यासाठी धडपडलेल्या माणसालाच त्या दिवशी लिखाणातल्या ढिलाईचा फटका बसला. ‘अमेरिका’ आतून गेली नसती तरी ती जिंकली असती काय, याची चर्चा दोन्ही देशांत पुढे पुष्कळ झाली. नियमांच्या इतिहासात त्यापेक्षा मोठा मुद्दा असा की, ज्याला स्थानिक वहिवाट माहीत नाही असा परका स्पर्धक आला की वहिवाटीवर चाललेली शर्यत चालत नाही, तिला लेखी आणि सर्वांना एकच असे पत्रक लागते.

हा धडा अमेरिकनांनी तरी घेतला असेल अशी अपेक्षा करावी, तर तसे दिसत नाही. ‘अमेरिका’ने जिंकलेला चषक तिच्या मालकांनी १८५७ साली एका दानपत्राने न्यूयॉर्क यॉट क्लबाच्या स्वाधीन केला, आणि कोणत्याही परदेशी क्लबाला त्यासाठी आव्हान देता येईल अशी व्यवस्था केली. १८७१ साली जेम्स ॲशबरी हे इंग्रज गृहस्थ लिव्होनिया नावाची नौका घेऊन आले. दुसऱ्या शर्यतीत वळसा घालायच्या दूरच्या खुणेला कोणत्या हाताला ठेवायचे हे पत्रकात लिहिलेलेच नव्हते. अमेरिकन नौका कोलंबियाच्या कप्तानाने आधी समितीला विचारले आणि ‘कोणत्याही बाजूने चालेल’ असे उत्तर मिळवले; लिव्होनियावर कोणी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही, आणि इंग्लिश रिवाजाप्रमाणे ती अवघड बाजूने वळली, तर कोलंबिया सोयीच्या बाजूने. ॲशबरींची हरकत फेटाळली गेली. ॲशबरी हे भांडखोर म्हणून अमेरिकन लेखकांनी पुष्कळ रंगवले आहेत, आणि पुढे त्यांनी केलेल्या काही मागण्या खरोखर विचित्र होत्या, परंतु या एका प्रश्नात न्याय त्यांच्या बाजूला होता असे म्हणावे लागते. एका स्पर्धकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळू नये, ही चूक समितीची होती.

या दोन प्रसंगांचे उत्तर आजच्या पद्धतीत सापडते. शर्यतीआधी सर्वांना ‘सेलिंग इन्स्ट्रक्शन्स’ नावाचे एकच लेखी पत्रक मिळते, त्यात खुणांचा क्रम आणि प्रत्येक खूण कोणत्या हाताला ठेवायची हे दिलेले असते. आयत्या वेळी बदल करायचा तर तो सूचनाफलकावर लावावा लागतो किंवा निशाणाने सर्वांना दाखवावा लागतो. नौकेने मार्ग नीट पूर्ण केला की नाही हे ठरवण्याची कसोटीही मोठी सुबक आहे. नौकेच्या आरंभापासून अंतापर्यंतच्या वाटेवर एक दोरी पसरली आहे अशी कल्पना करायची आणि तिची दोन्ही टोके ताणायची. ताणलेली दोरी प्रत्येक खुणेच्या ठरलेल्या बाजूने, ठरलेल्या क्रमाने गेली आणि जिला वळसा घालायचा त्या खुणेला टेकली, तर मार्ग पूर्ण झाला. वाटेत नौकेने कितीही नागमोडी वळणे घेतली, चुकून उलटी फेरी मारून ती पुन्हा सोडवली, तरी दोरी ताणल्यावर त्याचा हिशेब आपोआप लागतो.

उभ्या आरंभाची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडत गेली आणि चालत्या नौकांचा आरंभ रूढ झाला. यात एक कल्पित रेषा ठरवतात. तिचे एक टोक म्हणजे समितीच्या नौकेवरची काठी किंवा किनाऱ्यावरचा ध्वजस्तंभ, आणि दुसरे टोक म्हणजे एखादा बोया. नौका या रेषेच्या मागे फिरत राहतात आणि आरंभाचा इशारा होताच ती ओलांडतात. अमेरिकेत काही काळ एक मधली व्यवस्थाही होती, जीत इशाऱ्यानंतरच्या ठराविक मुदतीत प्रत्येक नौका रेषा ओलांडेल तेव्हा तिची वेळ स्वतंत्र टिपत. पण त्यामुळे आरंभातील चुरस नाहीशी होई आणि कोण पुढे आहे हे कोणालाच कळेना, म्हणून अखेर सर्वांची वेळ एकाच तोफेपासून मोजण्याची पद्धत टिकली.

चालत्या आरंभाने खेळाचे स्वरूप पालटले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. नौकेला गती थांबवणारी कळ नसते, त्यामुळे इशाऱ्याच्या क्षणी पूर्ण वेगात रेषेवर असायचे, पण एक हातही पुढे नसायचे, हे साधणे ही स्वतंत्र विद्या बनली. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध हिशेब हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन सुकाणूधाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. रेषा उलट दिशेने ओलांडताना आरंभाला किती वेळ उरला आहे ते पाहायचे, त्यात नौका वळवायला लागणारा वेळ मिळवायचा आणि बेरजेला दोनाने भागायचे. तेवढा वेळ उरला असता वळायला सुरुवात करायची. समजा १६० सेकंद उरले आहेत आणि वळायला १० सेकंद लागतात, तर ८५ सेकंद उरले असता सुकाणू फिरवायचे, म्हणजे ७५ सेकंद दूर जाण्यात, १० वळण्यात आणि ७५ परत येण्यात जाऊन नौका बरोबर वेळेवर रेषेवर येते. वारा दोन्ही दिशांना सारखाच वेग देईल हे यात गृहीत आहे, आणि वारा ते क्वचित पाळतो.

आरंभाच्या इशाऱ्यांत तोफेला मान मोठा आहे. काऊझच्या किल्ल्यासमोर रॉयल यॉट स्क्वॉड्रनच्या २२ छोट्या पितळी तोफांची रांग आहे, आणि त्या राजा चौथ्या विल्यमच्या रॉयल ॲडलेड या नौकेवरून आलेल्या आहेत. तरीही नियमांनुसार वेळ मोजायची ती निशाणावरून. तोफ किंवा भोंगा हा फक्त लक्ष वेधण्यासाठी असतो, आणि तोफ उडालीच नाही तरी आरंभ ग्राह्य धरतात. याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या नौकेला बार एक सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि ताशी ६ सागरी मैल वेगाने चाललेली नौका तेवढ्यात ३ मीटर पुढे गेलेली असते. लांब रेषेच्या दूरच्या टोकाला असलेल्या स्पर्धकावर हा अन्याय होऊ नये म्हणून डोळ्यांना दिसणारा इशारा प्रमाण मानला गेला. बार ऐकू येण्याआधी तोफेचा धूर दिसतो, म्हणून जुने खलाशी धुरावर घड्याळ लावीत, भावना तीच.

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात इशाऱ्यांचा क्रम १० मिनिटे, ५ मिनिटे आणि आरंभ असा होता. २००१ पासून तो ५, ४, १ आणि शून्य असा झाला. ५ मिनिटे उरली असता त्या वर्गाच्या नौकांचे निशाण चढते. ४ मिनिटे उरली असता तयारीचे निशाण चढते आणि त्या क्षणापासून शर्यतीचे नियम पूर्णपणे लागू होतात. १ मिनिट उरले असता तयारीचे निशाण एका लांब आवाजासह उतरते. आणि वर्गाचे निशाण उतरते तो आरंभ. तयारीसाठी सामान्यतः निळ्या कापडावर पांढरा चौकोन असलेले ‘पी’ निशाण वापरतात. बंदर सोडण्याच्या बेतात असलेली जहाजे हेच निशाण लावून आपल्या माणसांना परत बोलावीत असत, त्यामुळे दर्यावर्दींना त्याचा अर्थ नव्याने शिकावा लागला नाही. एखाद-दुसरी नौका वेळेआधी रेषा ओलांडून गेली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेले ‘एक्स’ निशाण चढते आणि त्या नौकेने मागे येऊन पुन्हा आरंभ करायचा असतो. गुन्हेगार इतके असतील की ओळखता येऊ नयेत, तर सर्वांनाच परत बोलावतात. मोठ्या ताफ्यांत हे परत बोलावणे पुन्हा पुन्हा होऊ लागले तेव्हा समित्यांनी काळे निशाण शोधून काढले. ते तयारीचे निशाण म्हणून लागले असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेच्या पुढच्या त्रिकोणात सापडणारी नौका सुनावणीविना बाद होते. इतका कठोर नियम खेळात क्वचितच असेल; पण ८० नौकांचा ताफा चौथ्यांदा परत बोलावताना पाहिलेल्या कोणत्याही समितीला तो कठोर वाटत नाही.

मार्गाच्या कल्पनेत झालेला बदल याहून खोल आहे. थेम्सचे पूल, वाइट बेट, नॅबची दीपनौका, या सर्व मार्गखुणा भूगोलाने दिलेल्या होत्या, आणि वारा कोठूनही येवो, मार्ग तोच राही. परिणामी एखाद्या दिवशी सबंध शर्यत पाठीमागच्या वाऱ्यावर होई आणि कौशल्याला वाव उरत नसे. अमेरिका चषकाच्या सामन्यांत १८९० च्या दशकात मार्ग वाऱ्यावरून आखण्याची पद्धत पक्की झाली. न्यूयॉर्कजवळच्या सँडी हूकच्या दीपनौकेपासून समिती त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा पाहून होकायंत्राचा अंक इशाऱ्याने जाहीर करी, एक बोट त्या दिशेने १५ सागरी मैल मोजत जाऊन खूण टाकी, आणि नौकांनी वाऱ्याविरुद्ध तेथपर्यंत जाऊन वाऱ्यासोबत परत यायचे असे; दुसऱ्या प्रकारची शर्यत प्रत्येकी १० मैलांच्या तीन बाजूंच्या त्रिकोणावर होई. पुढे ऑलिंपिकमध्ये आणि बहुतेक साऱ्या स्पर्धांत हाच विचार रूढ झाला, कारण वाऱ्याविरुद्ध जातानाच सुकाणूधाऱ्याची निर्णयशक्ती सर्वांत जास्त पणाला लागते. आज शर्यत चालू असताना वारा फिरला तर समिती ‘सी’ निशाण लावून खूण हलवते, आणि वारा पडला तर ‘एस’ लावून शर्यत मधेच संपवते.

प्रेक्षकांची गर्दी हाही मार्गाचाच प्रश्न होता. १८९५ साली सँडी हूकजवळ दुसऱ्या शर्यतीच्या आरंभी लॉर्ड डनरेव्हन यांची व्हाल्कीरी-३ प्रेक्षकांनी भरलेल्या आगबोटीला चुकवताना डिफेंडर या अमेरिकन नौकेवर घासली आणि तिच्या डोलकाठीचा आधारदोर तुटला. शर्यत व्हाल्कीरीने ४७ सेकंदांनी जिंकली, पण हरकतीवर ती बाद ठरली. तिसऱ्या शर्यतीत डनरेव्हन आरंभरेषा ओलांडून परत फिरले. त्यांनी नंतर प्रतिस्पर्ध्यांवर लबाडीचे आरोप केले, चौकशीत ते सिद्ध झाले नाहीत, आणि न्यूयॉर्क यॉट क्लबाने त्यांचे मानद सभासदत्व काढून घेतले. या कटुतेमुळे दोन्ही देशांचे क्लब एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, आणि नियमांच्या एकीकरणाला जो उशीर झाला त्यात तिचाही वाटा असावा.

एकीकरणाचे प्रयत्न आधीच सुरू झालेले होते. ब्रिटनमध्ये १८७५ साली यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि तोवर प्रत्येक क्लबाचे जे वेगळे नियम होते ते तिने एका छत्राखाली आणले. १९०७ साली पॅरिसमध्ये युरोपातील राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज वर्ल्ड सेलिंग या नावाने चालते. अमेरिका मात्र आपल्याच नियमांनी खेळत राहिली. या दुभंगाची किंमत १९३४ साली कळली. थॉमस सॉपविथ यांच्या एंडेव्हरने अमेरिका चषकाच्या पहिल्या दोन शर्यती व्हँडरबिल्ट यांच्या रेनबोविरुद्ध जिंकल्या होत्या. चौथ्या शर्यतीत रेनबोने आपल्याला वाट दिली नाही अशी सॉपविथ यांची तक्रार होती; त्यांनी हरकतीचे निशाण ब्रिटिश रिवाजाप्रमाणे समितीच्या नौकेजवळ आल्यावर, शर्यतीच्या शेवटी लावले. अमेरिकन नियमाप्रमाणे ते घटनेनंतर ताबडतोब लावायला हवे होते, म्हणून समितीने हरकत ऐकूनच घेतली नाही. रेनबोने सामना ४-२ असा जिंकला.

ज्या व्हँडरबिल्ट यांच्या नावावर हा डाग इंग्रजांनी लावला, त्यांनीच पुढे शर्यतीचे नियम मुळापासून नव्याने लिहिले, हा योगायोग खास म्हणावा लागेल. काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची गुणपद्धती त्यांनीच १९२५ साली बसवली होती, आणि नियमांतील पळवाटा शोधणाऱ्याची नजर त्यांच्यापाशी होती. जुन्या नियमांत वाऱ्याविरुद्ध चाललेली नौका आणि मोकळ्या वाऱ्यावर चाललेली नौका असा भेद प्रमुख होता, आणि वारा नेमका किती तिरका असता नौका मोकळी म्हणायची यावर वाद माजत. व्हँडरबिल्टनी तो भेद काढून टाकला आणि तीन सोप्या कसोट्या ठेवल्या. टॅक वेगळे असतील तर पोर्टवाल्याने टळायचे, टॅक एकच आणि नौका शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या नौकेने टळायचे, आणि एक मागे असेल तर मागच्याने टळायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन संघाने हे नियम स्वीकारले, आणि १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेने तोच पाया मान्य करून दोन परंपरा एकत्र आणल्या. नियमपुस्तक आता ऑलिंपिकच्या चक्राला धरून दर चार वर्षांनी सुधारले जाते, तरी या तीन कसोट्या अजून तशाच आहेत. सर्वांत किचकट भाग उरला आहे तो खुणेजवळचा. खुणेपासून तीन नौकालांबींच्या अंतरात पहिली नौका शिरताना जी आतल्या बाजूला असेल तिला वळायला जागा द्यावी लागते, आणि ‘ती आत होती का’ हा प्रश्न सुनावणीच्या टेबलावर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या नौका सरकवत तासन्‌तास चर्चिला जातो.

या साऱ्या नियमांचे पालन करवून घेणारा पंच, अमेरिका चषकासारखे अपवाद वगळता, पाण्यावर नसतो. चूक केली हे ज्याला कळते त्याने स्वतःच नौकेला दोन पूर्ण फेऱ्या मारून दंड भरायचा, खुणेला स्पर्श झाला तर एक. आणि दुसऱ्याने चूक केली असे वाटले तर लाल निशाण लावून हरकत घ्यायची. संकटात सापडलेल्याला मदत करणे हा पुस्तकातील पहिला नियम आहे, आणि त्यामुळे झालेल्या नुकसानाची भरपाई द्यायची सोयही आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर असताना उलटलेल्या सिंगापूरच्या नौकेतील खलाशांना वाचवायला गेले. त्या शर्यतीत त्यांना दुसऱ्या क्रमांकाचे गुण देण्यात आले.

मुंबईत हा खेळ ब्रिटिश अमदानीत आला. १८४६ साली स्थापन झालेल्या येथील यॉट क्लबाला १८७६ साली ‘रॉयल’ पदवी मिळाली. अपोलो बंदरासमोरच्या पाण्यात समितीला काऊझसारखीच अडचण येते ती भरती-ओहोटीची. उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, वारा मंद आणि ओढ जोरात असेल तर रेषेवर थांबलेली नौका आपोआप पलीकडे ढकलली जाते, आणि परत बोलावण्याची पाळी येते. पावसाळ्यात शर्यती बंद असतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या तरी शिडांच्या शर्यती साहजिकच मुंबईच्या समुद्रावर घ्याव्या लागल्या, आणि फायरबॉल वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

अमेरिका चषकात १९९२ पासून पंच स्वतः बोटीतून नौकांच्या मागे फिरून जागीच निकाल देऊ लागले. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील सामन्यांत तर आरंभरेषा, मार्गाच्या सीमा आणि खुणेभोवतीचे तीन लांबींचे वर्तुळ उपग्रहांच्या मदतीने काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजले गेले, पंच किनाऱ्यावर पडद्यासमोर बसले, आणि दोषी नौकेने फेऱ्या मारण्याऐवजी संगणकाने आखलेल्या सरकत्या रेषेच्या मागे येईपर्यंत वेग कमी करायचा असे ठरले. नॅबच्या दीपनौकेचा तंटा अशा व्यवस्थेत उद्भवूच शकत नाही. पण ही व्यवस्था अब्जाधीशांच्या दोन-चार नौकांना परवडते. शनिवार-रविवारच्या शर्यतींना उतरणाऱ्या जगभरच्या हजारो नौकांसाठी अजून कल्पित रेषा, खाली येणारे निशाण आणि दोन पूर्ण फेऱ्या यांचाच कायदा चालतो. त्यामुळे एकाच नावाच्या खेळाचे आता दोन कायदे झाले आहेत, आणि नव्या कायद्यातला कोणता भाग जुन्यात उतरवायचा हा प्रश्न नियमपुस्तकाच्या प्रत्येक चौवार्षिक सुधारणेत समित्यांपुढे येतो.